पडवीतला जनरेटर आणि हरतालिकेचा उपास: पावसात मशीन ठेवायचं कुठं?

कणकुंबीची सून
नमस्कार मंडळी. मी राहते बेळगावात, टिळकवाडीत, सासर खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीत. गणपतीला आम्ही सगळे गावीच असतो. यंदा हरतालिकेच्या आदल्या रात्री लाईट गेली. त्यात नवीन काही नाही. आमची लाईन जंगलातून येते, झाड पडलं की दोन दिवस अंधार, कधी चार दिवस. म्हणून दिरांनी मागे एक जुना पेट्रोलचा जनरेटर घेतलाय, दोन केव्हीएचा.

आमच्याकडे पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधतात. मिरगाच्या आधी बांधली की दसऱ्याला सुटते. जनरेटर त्या ताडपत्रीच्या आत. धूर बाहेर जावा म्हणून एक कोपरा उचलून काठी लावलेली. संध्याकाळी चारला चालू केला. आम्ही बायका सोप्यात दाराजवळ बसून दुर्वा निवडत होतो, सासूबाई वाती वळत होत्या. त्यांचा निर्जळी उपास.

साडेसहाच्या सुमाराला त्यांचं डोकं दुखायला लागलं. सगळे म्हणाले, उपासाचं डोकं. मग माझी जाऊ म्हणाली मलाही गरगरतंय. तिचाही उपास, त्यामुळे तेही खपून गेलं. मग माझा सहा वर्षांचा मुलगा ओकला. तेव्हा मात्र मला कसंतरीच झालं, कारण तो दुपारी दोन वेळा आमटी-भात घेऊन जेवला होता. त्याला कसला आलाय उपास?

दिरांनी करोनातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं. सासूबाईंचा ९८, मुलाचा ९९. सगळ्यांना हायसं वाटलं. लिंबूपाणी केलं. आणि जनरेटर चालूच.

आम्ही वाचलो ते शहाणपणानं नव्हे, पेट्रोल संपलं म्हणून. अंधार झाला, सगळे छत्र्या घेऊन अंगणात आलो, अर्ध्या तासात मुलगा खेळायला लागला. सासूबाई मात्र उठताना उंबऱ्यात कोसळल्या. दुसऱ्या दिवशी खानापूरला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात जनरेटर लावला होता का?"

आता माझे प्रश्न. आमच्याकडच्या पावसात हे मशीन ठेवायचं कुठं? बाहेर ठेवलं तर भिजतं, लांब ठेवलं तर चोरीला जाईल असं दीर म्हणतात. दुसरं, ते दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये घालतात, म्हणजे सगळ्या घरात लाईट येते. हे बरोबर आहे का? मला उगाच भीती वाटते.

चिकोडी ऊसवाला
वहिनी, तब्येत सांभाळा. पण सगळा दोष जनरेटरला देऊ नका. २०१९ च्या पुरात आमच्या गावात कृष्णेचं पाणी आलं, लाईट नाही, आम्ही जनरेटर सोप्यात लावला की. पाच दिवस. कुणाला काय झालं नाही. कौलारू घर हाय, हवा खेळती असली की धूर बसत नाही.

रात्रपाळी डॉक्टर
कणकुंबीची सून, तुमच्या खानापूरच्या डॉक्टरांना माझा नमस्कार कळवा. हा प्रश्न सुचणं हेच अर्धं निदान असतं.

जे झालं ते कार्बन मोनॉक्साइडमुळे, याबद्दल मला फारशी शंका नाही. इंजिनात इंधन अर्धवट जळतं त्यातून हा वायू येतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि इतर धुराचा. म्हणजे वास कमी झाला म्हणून वायू कमी झाला असं होत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. एकदा जागा अडवली की ऑक्सिजनला उभं राहायला ठिकाण नाही.

ऑक्सिमीटरचं सांगते, कारण ही चूक मी घरोघरी पाहते. ते यंत्र रक्ताचा रंग बघून आकडा काढतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, आणि यंत्र त्याला ऑक्सिजनवालं समजून मोजतं. तेव्हा ९८ बघून हायसं वाटलं, तो यंत्राचा चकवा होता. खरं प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते.

लक्षणं: डोकं जड, गरगर, मळमळ, पायात बळ नसणं, बोलण्यात घोळ. ताप नसतो. उपास, पित्त, प्रवास, जागरण, यातल्या कशावरही ढकलता येतं. ओळखायची खूण तुम्हीच लिहिली आहे: एकाच घरात एकाच वेळी दोघा-तिघांना होतं, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं. मांजर-कुत्रंही मलूल पडतं.

असं दिसलं तर आधी माणसं बाहेर काढा. खिडक्या उघडत बसू नका. मग १०८ ला फोन, आणि फोनवरच सांगा की घरात जनरेटर चालू होता. उपचार म्हणजे मास्कनं भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. लिंबूपाणी तहानेला चांगलं, याला त्याचा उपयोग नाही. गरोदर बाई घरात असेल तर तिला बरं वाटत असलं तरी घेऊन जा, बाळाला जास्त धोका असतो.

आणि सासूबाईंकडे अजून काही आठवडे लक्ष ठेवा. काही जणांना नंतर विसरभोळेपणा, चालण्यात फरक, स्वभावात बदल असं सुरू होतं.

कणकुंबीची सून
डॉक्टर, खूप आभार. विसरभोळेपणाचं कसं ओळखू, त्या आधीपासूनच चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. पण दाखवून आणते.

रात्रपाळी डॉक्टर
चष्मा चालेल. रोजच्या भाकरीचं माप चुकायला लागलं तर लगेच या. आणि चिकोडीकर, तुमचा सोपा तीन बाजूंनी मोकळा असावा, किंवा वारा तुमच्या बाजूनं असावा. कौलातून हवा जाते हे मीही लहानपणी ऐकलंय. पण आता बहुतेकांनी कौलांखाली गळू नये म्हणून प्लॅस्टिकचा कागद मारलाय. मग हवा खेळणार कुठून? आणि हा वायू हवेइतकाच हलका-जड असतो. वर जाऊन कौलातून निघून जाईल किंवा खाली बसेल, असं काही नाही. घरभर मिसळतो.

चिकोडी ऊसवाला
सोपा मोकळाच हाय, ते खरं. एका बाजूला ट्रॅक्टर.

वायरमन उद्यमबाग
मी लायसन्सवाला वायरमन, पंचवीस वर्षं उद्यमबागेत मोटरी आणि पॅनेलं बघतो, गणपतीत मंडळांची कामं. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर देतो, कारण ते मला जास्त भयंकर वाटतंय.

ती दोन्ही टोकांना पिनवाली वायर आजच कापून टाका. गुंडाळून माळ्यावर ठेवू नका, कुणीतरी परत काढतो. एक टोक जनरेटरला लागलं की दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्यावर जिवंत. पोरानं हात लावला की संपलं. हा झाला घरातला धोका.

बाहेरचा त्याहून वाईट. तुमच्या घरातला करंट मीटरमधून उलटा पोलावर जातो. तिथून ट्रान्सफॉर्मरला. ट्रान्सफॉर्मरला कळत नाही कुठली बाजू घर आणि कुठली लाईन. तो ११,००० व्होल्टचे खाली ४३३ करतो तसे खालून दिलेले २३० उलटे दहा-अकरा हजारांपर्यंत चढवतो. आणि वर खांबावर माणूस चढलेला असतो तुमचीच लाईट जोडायला.

लोक म्हणतात मेन स्विच पाडतो की आधी. एक दिवस विसरता. घाईत, पावसात, पोरगा चालू करतो. माणसाच्या आठवणीवर दुसऱ्याचा जीव ठेवायचा नसतो.

वडगाव माग
वायरमन साहेब, शंका. दोन केव्हीएचं डबडं सगळ्या वाडीचा लोड कसा उचलेल? मेन पाडला नाही तर जनरेटरच ट्रिप होणार ना?

वायरमन उद्यमबाग
लाईन सगळी जोडलेली असेल तर बरोबर, घुसमटून बंद पडेल. पण लाईट गेलेली असते म्हणजे काहीतरी तुटलेलं असतं. तुमच्या घराचीच सर्व्हिस वायर पोलाजवळ तुटली असेल तर पलीकडे लोडच नाही, जनरेटर मजेत चालतो आणि चिखलात पडलेल्या वायरीला २३० व्होल्ट असतात. दहा-अकरा हजारांची गरजच नाही, छातीतून १०० मिलिअँपिअर गेले तरी पुरतात. आणि मधेच लाईट आली तर दोन करंट समोरासमोर येतात. जळलेलं वाइंडिंग बघायचं असेल तर दुकानात या, चहा पाजतो.

लाईनमनचा मुलगा
सहसा मी नुसता वाचतो, पण आज लिहावंसं वाटलं. वडील खानापूर तालुक्यात लाईनमन होते, आता निवृत्त. पावसाळ्यात रात्री दोनला फोन यायचा आणि घोंगडी-इरलं घेऊन निघायचे, नंतर रेनकोट आला.

त्यांची एक सवय होती. पोलावर चढायच्या आधी वाडीत उभं राहून मोठ्यानं कानडीत ओरडायचे, "जनरेटर ऐतेनरी?" म्हणजे जनरेटर आहे का? लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "इल्लरी," म्हणजे नाही, कुणी मराठीत, "नाही हो मामा, चढा तुम्ही." तरी ते आधी टेस्टर लावून बघायचे, मग लाईनला अर्थिंगची साखळी टाकायचे, म्हणजे चुकून करंट आला तर तो जमिनीत जावा, मग चढायचे. आईला सांगायचे, ज्या घरात अंधारात एकट्याचीच ट्यूब पेटलीय, त्या घरी आधी जाऊन मी हात जोडतो.

एकदा साखळी टाकताना ठिणगी उडाली. लाईन बंद होती, परमिट होतं, सगळं कागदावर बरोबर होतं. कुणाच्या तरी गोठ्यातून करंट येत होता. त्या दिवशी ते न जेवता झोपले. मला हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

वायरमन उद्यमबाग
तुमच्या वडिलांना दंडवत. साखळी न टाकता चढणारेही मी बघितलेत, ते सगळे निवृत्त झाले नाहीत.

आता करायचं काय ते. मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवायचा. डबल पोल, ३२ अँपिअर, मधे ऑफ असलेला. एका बाजूला लाईन, एका बाजूला जनरेटर, दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत. डबल पोल का, तर फेजबरोबर न्यूट्रलही, म्हणजे करंटची परतीची वायरही, तुटला पाहिजे. स्वस्तात सिंगल पोल बसवून देणारे आहेत, त्यांना चहा देऊन परत पाठवा. जनरेटरची केबल लावायला बाहेरच्या भिंतीवर झाकणवाला इनलेट बसवा, मेल पिना भिंतीत आणि फिमेल टॉप केबलच्या टोकाला. म्हणजे केबल सुटून हातात आली तरी उघडी पिन जिवंत नसते.

केबल भिंतीतून पाईप घालून आत घ्या. दाराच्या फटीतून घेतली की दार अर्धवट उघडं राहतं आणि डॉक्टर म्हणतात तो वायू त्याच फटीतून येतो. तीन कोरची, २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची. बाजारातली पातळ पांढरी एक्स्टेंशन वायर नको. आणि केबल गुंडाळलेल्या रिळावर ठेवून चालवायची नाही, सगळी उलगडायची. गुंडाळीत उष्णता अडकते, वरचं कव्हर मऊ होतं. मंडळांच्या मांडवात मी हाताला चटका बसेल अशी रिळं बघितलीत.

लोडचं. दोन केव्हीए म्हणजे ढोबळ १,६०० वॅट, जुन्या मशीनवर १,२०० च्या वर जाऊ नका. एलईडी दिवे, पंखे, टीव्ही, मोबाईल, फ्रिज चालेल. फ्रिज चालताना दीडशे वॅट खातो, पण सुरू होताना कितीतरी पट, म्हणून तो आधी लावा, बाकी मागाहून. बोअरची एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट असं पुस्तकात, पण सुरू होताना पाच-सहा पट ओढते. ती यावर उचलणार नाही, प्रयत्नही नको. इस्त्री, गीझर नाही.

अजून एक बारीक गोष्ट, वायरमन लोकांसाठी. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन पाडणारा स्विच, असली तरी अशा छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा अर्थिंगला जोडलेला नसतो. टेस्ट बटण दाबलं की आरसीसीबी पडते, लोक खूश होतात. पण ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच खेळतं. खरा शॉक लागला तर करंटला परतीची वाट नसते आणि ती पडत नाही. जोडणी कशी करायची ते मशीन बघून ठरवावं लागतं. यूट्यूब बघून स्वतः करू नका.

पुण्यातला खानापूरकर
मी गावी आई-वडिलांसाठी गॅस अलार्म पाठवलाय, ऑनलाइन घेतला. तो पडवीत लावला की चालेल ना?

रात्रपाळी डॉक्टर
खोक्यावर काय लिहिलंय ते आधी बघा. स्वयंपाकाच्या गॅसचा असेल तर तो एलपीजी ओळखतो, कार्बन मोनॉक्साइडला तो मुका आहे.

पुण्यातला खानापूरकर
एलपीजीचाच निघाला. शेगडीपाशी लावायला सांगितलं. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मागवलाय. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय, ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासांत वाजेल, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. एवढा उशीर का?

रात्रपाळी डॉक्टर
कमी प्रमाणात शरीरात साठायला वेळ लागतो, त्या हिशेबानं बसवलंय. झोपायच्या खोलीजवळ लावा, पडवीत नको. तुम्हाला माणसं झोपलेली असतात तिथलं कळायला हवं. आणि अलार्म आहे म्हणून मशीन आत घेतलं असं करू नका. वडिलांना बॅटरी कधी बदलायची तेही सांगा, नाहीतर पिकपिक वाजायला लागला की ते काढून कपाटात ठेवतील.

पुण्यातला खानापूरकर
वडिलांना ओळखता का तुम्ही?

अनगोळ मंडळ
आमच्या मंडळात घडलेलं सांगतो, मंडळाचं नाव नको. विसर्जनाच्या आदल्या रात्री, अकराच्या सुमारास, मांडवामागे जनरेटर चालू. पेट्रोल संपत आलं. बंद केला तर आरती अंधारात होईल म्हणून एका पोरानं चालू मशीनमध्येच कॅनमधून ओतायला घेतलं. मोबाईलची टॉर्च दातात धरलेली. दातात! थोडं पेट्रोल सायलेन्सरवर सांडलं. फक्कन आवाज झाला आणि निळी ज्वाळा जमिनीवरून सापासारखी सरकत गेली, कॅनपर्यंत. पोरगा कॅन टाकून पळाला हे बरं केलं. कुणीतरी बादलीभर पाणी मारलं तर आग पसरली, पाण्यावर तरंगत गटारीकडे गेली. मग वाळूची पोती फोडली तेव्हा विझली. हाताचे केस गेले, बाकी काही नाही.

त्यानंतर आमचा नियम: आरतीच्या आधी अर्धा तास मशीन बंद, पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्यायचं, मग भरायचं, नरसाळं लावून, टाकी काठोकाठ नाही. तोवर समया आहेतच की. आणि एक ड्राय पावडरवाला फायर सिलिंडर मांडवाच्या पुढच्या बाजूला. मागे ठेवला तर आगीतूनच आणायला जावं लागतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

वायरमन उद्यमबाग
समयांवरून आठवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटते. कॅन देवघराशेजारच्या खोलीत ठेवला आणि नंदादीप तेवतोय, असं मी एका घरात बघितलं. मी स्वतः कॅन उचलून न्हाणीघराबाहेर ठेवला, मग बोललो. चुलीपासून, देवघरापासून, फ्रिजपासूनही लांब ठेवा.

वडगाव माग
जनरेटर वर्षभर पडून असतो आणि ऐन गणपतीत दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. त्यावर उपाय?

वायरमन उद्यमबाग
सीझन संपला की टाकी रिकामी करा, पेट्रोल कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, कणकुंबीसारख्या ठिकाणी तर विचारू नका. पावसाळ्याच्या तोंडावर थोडं ताजं पेट्रोल घालून महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लोड देऊन चालवा. ऑइल दर वेळी बघा, छोट्या इंजिनात अर्धा-पाऊण लिटरच असतं, लगेच कमी होतं.

आणि हे ताईंच्या कामाचं आहे. मशीन चालू होत नाही म्हणूनच ते आत ओढलं जातं. बाहेर पावसात दोरी ओढायला कोण उभं राहणार? आत आणून चालू केलं की परत बाहेर नेत नाही कुणी.

कणकुंबीची सून
अगदी हेच! दिरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "त्या माणसाला कसं कळलं?" आता जागेचं सांगा कुणीतरी.

लाईनमनचा मुलगा
मी आमच्या घरी केलंय ते सांगतो, जमलं तर बघा. घरापासून निदान वीस फूट तरी हवं, हे सगळीकडे सांगतात. आमच्याकडे परड्यात पंचवीस फुटांवर फणसाखाली जागा होती, पण फणस डोक्यावर पडतो म्हणून थोडं बाजूला घेतलं. जांभ्या चिऱ्यांचा कंबरेच्या निम्म्या उंचीचा कट्टा, म्हणजे वाहतं पाणी खालून जातं. चार जीआय पाईप, वर पत्रा, माणूस उभा राहील एवढा उंच आणि पश्चिमेला उतार. चारी बाजू उघड्या. हे वडिलांनी तीनदा बजावलं: "बाजूला ताडपत्री लावलीस की ती परत पडवीच झाली." झड येते म्हणून पत्राच चारी बाजूंनी दोन-दोन हात पुढे काढला. पाऊस तिरका असला तरी मशीनपर्यंत पोचत नाही, पोचलाच तर त्या वेळी बंद ठेवतो.

दिशा महत्त्वाची. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मशीन घराच्या पूर्वेला आणि सायलेन्सरचं तोंडही पूर्वेला. धूर घराकडे न येता शेताकडे जातो. तरी वारा फिरतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्या बंदच. शेजाऱ्यांची खिडकी तिकडे नाही ना हेही बघा, आपला धूर त्यांच्या माजघरात नको.

चोरीसाठी कट्ट्यात एक जाड लोखंडी कडी सिमेंटात गाडली आणि गाडीच्या टायरची साखळी. मशीन गार झालं की रात्री सरळ आत आणतो. बंद मशीन आत, चालू मशीन बाहेर. टाकीत पेट्रोल असेल तर तेही घरात नाही, गोठ्याच्या टोकाला.

चिकोडी ऊसवाला
रात्री आत? मग रात्री लाईट काय करता?

लाईनमनचा मुलगा
झोपताना जनरेटर चालवायचाच नाही, हे आमच्यात ठरलंय. झोपेत डोकं दुखलं तर कळणार कुणाला? साधा इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी घेतली. बारा व्होल्टच्या हिशेबानं १,८०० वॅट-तास, तूट धरून दोनशे वॅटवर सहा-सात तास निघतात. चार दिवे, दोन पंखे. सकाळी आणि संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर लावून बॅटरी जमेल तेवढी चढवायची आणि फ्रिज गार करून घ्यायचा. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास तसाच धरतो. पेट्रोलही निम्म्यावर आलं. सोलर पॅनेलचा विचार होता पण आषाढात आमच्याकडे सूर्य सुट्टीवर असतो.

वडगाव माग
आमच्या मागाच्या शेडला डिझेलचा सेट आहे, तो तर कमी वायू सोडतो म्हणतात ना?

रात्रपाळी डॉक्टर
पेट्रोलपेक्षा कमी, शून्य नाही. शेड बंद असेल तर तोही जीव घेतो. एक्झॉस्टचा पाईप पत्र्याच्या बाहेर पूर्ण काढलाय ना, आणि जोडावर काजळी दिसत नाही ना, एवढं बघा.

वडगाव माग
काजळी आहे. उद्या वेल्डरला बोलावतो.

चिकोडी ऊसवाला
मीपण ट्रॅक्टर हलवला आणि मशीन बाहेर काढलं. बायकोनं धागा वाचला. विषय संपला.

कणकुंबीची सून
बऱ्याच दिवसांनी आले. दिवाळीला गेलो तेव्हा दिरांनी कट्टा बांधला, पत्रा लाईनमनच्या मुलानं सांगितला तसा पुढे काढून. चेंजओव्हर बसवला, बेळगावचा वायरमन नेला होता. दोन्ही पिनांची वायर दिरांनी माझ्यासमोर कोयत्यानं कापली, तीन तुकडे. सासूबाईंची तपासणी झाली, त्या ठीक आहेत, भाकरीचं मापही.

गेल्या आठवड्यात अवकाळी पावसात लाईट गेली. दुपारी लाईनमन आला, तरुण मुलगा, रेनकोटातून पाणी गळत होतं. अंगणातूनच ओरडला, "जनरेटर ऐतेनरी?" मी या धाग्यामुळे चमकलेच. सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐतरी. बंद ऐति. बंदु नोडरी." म्हणजे आहे, बंद आहे, येऊन बघा. तो खरंच परड्यात जाऊन बघून आला, मग पोलाकडे गेला. सासूबाईंनी त्याच्यासाठी चहा टाकला.

वायरमन उद्यमबाग
ताई, पत्र्याचा उतार पश्चिमेलाच ठेवलाय ना? फोटो टाका.

कणकुंबीची सून
पश्चिमेलाच. फोटो टाकते, पण पत्र्याखाली सध्या कोंबड्यांनी अंडी घातलीत.